घरच्या गाडीचा दर, विक्रीच्या गाडीचा दर

वसईजवळ वालीवला दादाने गाड्यांच्या डिटेलिंगचा, म्हणजे आतून-बाहेरून बारीक सफाईचा, गाळा सुरू केला तेव्हा पंप, व्हॅक्यूम, पॉलिशची मशीन हे सगळं त्याने आणलं आणि दरांचा बोर्ड मी लिहिला. हाताने, लाल आणि काळ्या रंगात. सगळ्यात वर लिहिलं, 'सर्वांना एकच दर'. त्याखाली छोट्या गाडीचा, मोठ्या गाडीचा, आतल्या सफाईचा, पॉलिशचा. दादाने बोर्ड लावला, दोन पावलं मागे जाऊन वाचला आणि म्हणाला, "फक्त 'झिंदाबाद' राहिलं."

आमच्या घरात हे असं लिहिणं वळणानेच येतं. पप्पा वालीवच्याच एका कारखान्यात फिटर होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. बोनसचं पत्रक, नळाच्या पाण्याचं पत्रक, तुंबलेल्या गटाराचं पत्रक. आचोळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत पाहुण्याला बसायला जागा करायची म्हणजे आधी पत्रकांचे गठ्ठे उचलायचे. शाळेत 'कमळ' वाचायला शिकवलं त्याच्या आधी मला 'बंधू-भगिनींनो' वाचता येत होतं. संध्याकाळी दादा पत्रकांच्या घड्या घालायचा आणि मी ती मोठ्याने वाचायचे. त्यातून त्याला हात मिळाले आणि मला तोंड मिळालं, असं आई म्हणते.

मी लिहिते. लहान मासिकांत, कधी एखाद्या संघटनेसाठी. त्यावर पोट भरत नाही, म्हणून दुकानात गिऱ्हाईक सांभाळणं, फोन घेणं आणि बिलं करणं माझ्याकडे होतं. बाकी सगळं दादाकडे. त्याआधी कित्येक वर्षं तो एका मोठ्या सर्व्हिस सेंटरात गाड्या धुवायचा. तिथे त्याच्या हाताला कुणी नाव ठेवलं नाही आणि त्याला नावाने हाकही मारली नाही. "ए वॉशिंग" अशी हाक यायची. त्याला स्वतःचा गाळा हवा होता तो एवढ्याचसाठी. गाळामालकाने नेहमीसारखा अकरा महिन्यांचा करार केला होता. करार संपेपर्यंत धंदा पायावर उभा राहिला तर पुढचा करार, नाहीतर दादा पुन्हा सर्व्हिस सेंटरात. तिथल्या मॅनेजरने त्याची जागा पक्की भरली नव्हती. अधूनमधून फोन करून विचारायचा, "काय मग, झाली का हौस?" दादा त्याच्याशी अदबीने बोलायचा आणि फोन ठेवला की एखाद्या गाडीचं चाक उगाच पुन्हा घासायचा.

शनिवार-रविवारी दुकान भरायचं. बोळिंजच्या सोसायट्यांतून नव्या गाड्या यायच्या, गावांतून जुन्या. वसईतली गाडी आतून उघडली की घर कळतं. गावच्या चर्चच्या सणाच्या आधी धुवायला येणाऱ्या गाडीत आरशाला रोझरीची जपमाळ असते आणि मागच्या सीटखाली कुणाच्या तरी लग्नातले कागदाचे तुकडे. दसऱ्यानंतर येणाऱ्या गाड्यांच्या बोनेटवर हळद-कुंकू वाळून बसलेलं असतं आणि हळद रंगात अशी शिरते की पुसणाऱ्याची परीक्षा. सुक्या बोंबलांची पिशवी एकदा डिकीत सांडली असेल तर ती गाडी पुढची तीन वर्षं खोटं बोलू शकत नाही.

सोमवार ते शुक्रवार मात्र आम्ही दोघं पंपाकडे बघत बसायचो.

अशाच एका मंगळवारी शेठ आला. हायवेलगत त्याचा जुन्या गाड्यांचा डेपो आहे, काचेचं केबिन आणि पुढे झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग. तो आमच्यापेक्षा फार मोठा नसावा, पण सगळे त्याला शेठ म्हणायचे, म्हणून आम्हीही. त्याने बोर्ड सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचला.

"रेशनचं दुकान आहे का हे? सगळ्यांना एकच भाव?"

"समान कामाला समान दाम," मी म्हणाले.

"कामाचं सोडा मॅडम, गिऱ्हाईक समान आहे का? तुमचा तो संडेवाला वर्षाला एक गाडी आणतो. मी हफ्त्याला चार देईन. भाजीवालीपण चार जुड्या घेतल्या की एक वरती देते."

"आम्ही मेथी विकत नाही."

"तेच सांगतोय. मेथी सुकते. तुमचा मंगळवारपण सुकतोय, दिसतंय मला."

दादा स्पंज तोंडासमोर धरून हसला. शेठने त्याचा दर सांगितला. बोर्डावरच्या दराच्या जवळजवळ निम्मा. सगळीकडे डीलरला हाच दर असतो म्हणाला, आणि ते खरं होतं, दादाला ठाऊक होतं. तो गेल्यावर मी बराच वेळ बोलले. ज्याच्याकडे जास्त आहे त्यालाच स्वस्त का, एक गाडी घेऊन येणाऱ्या शिक्षकाने शेठच्या गाड्यांचा खर्च का उचलायचा, वगैरे. दादाने ऐकून घेतलं.

"भाषण झालं असेल तर पंप बंद कर," तो म्हणाला. "टँकरचं पाणी आहे."

मग त्याने एक सुचवलं. शेठची एक गाडी घेऊ, एकच. आणि तशीच घरची गाडी आली की दोन्ही शेजारी लावू. "तू घोषणा आणि मी बादली, दोघांनी मिळून बघू."

घरची गाडी आली ती एका निवृत्त सरांची. वाडीत राहणारं ख्रिस्ती कुटुंब, केळीच्या बागेत घर, आयुष्यभर गणित शिकवलेलं. ते गाडी सोडून कधी जात नसत. स्टुलावर बसत आणि विचारत. हे काय लावलंस? ते कशासाठी? रबराला चालतं का? रोझरी काढताना दादा आधी हात धुऊन कोरडे करतो, ती स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्याकडे देतो आणि काम झाल्यावर पुन्हा त्याच गाठीने बांधतो. डॅशबोर्डवर सरांच्या नातवाने चिकटवलेला एक अर्धा फाटलेला स्टिकर होता. तो काढायचा नव्हता. त्याच्या कडेकडेने पेंटिंगच्या ब्रशने साफ करायचं होतं. दारावरचा एक ओरखडा सरांना ठेवायचा होता, कारण तो त्यांच्या बायकोने पहिल्यांदा गाडी चालवली तेव्हाचा होता. "तो पुसलास तर मी पुढे भांडू कशावरून?" ते म्हणाले.

शेजारी शेठची गाडी. चावी हातात देऊन माणूस निघून गेला होता. त्यात काय ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. स्टिकर, देव, वास, केस, सगळं जायला हवं होतं. आधी त्या गाडीत कुणी राहत होतं हे कळता कामा नये. दादा जेवून आला तरी चालत होतं. आज नाही झालं तर उद्या. कुणी विचारत नव्हतं आणि कुणाला सांगायचंही नव्हतं.

त्या दिवशी मला पटलं, आणि पटल्याचं दुःख झालं नाही. पप्पांच्या पत्रकात 'समान कामाला' हे शब्द 'समान दाम'च्या आधी येतात, ते उगाच नाही. ही दोन कामं समान नव्हती. एकात पुसायचं होतं, दुसऱ्यात काय पुसायचं नाही ते सांभाळायचं होतं, आणि सांभाळायला जास्त वेळ लागतो. शिवाय मंगळवारचा रिकामा हात आणि रविवारचा भरलेला हात यांची किंमत एक कशी असेल?

मी बोर्ड पुसून नवा लिहिला. दोन रकाने. घरची गाडी, विक्रीची गाडी. दादा म्हणाला, डीलरचा दर कुणी बोर्डावर लिहीत नाही, तो कानात सांगायचा असतो. मी म्हणाले, कानात सांगायचा असेल तर त्यात काहीतरी लाजेचं आहे आणि लाजेचं असेल तर तो घ्यायचाच नाही. त्याने खांदे उडवले. पुढच्या वेळी सरांनी बोर्ड वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी जे जास्त देतो, ते कशाचे?"

"तुमच्या प्रश्नांचे, सर."

ते खूप हसले. पैसे देताना म्हणाले, "आज दोन प्रश्न कमी विचारले, तेवढे वळते कर." मी केले नाहीत.

शेठच्या गाड्या नियमाने येऊ लागल्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार. दादा शिट्टी वाजवत काम करू लागला आणि चाकं एकदाच घासू लागला. पुढचा करार होणार असं मी धरून चालले. आणि मग शेठने क्रीमचा तो डबा पाठवला.

गाडीच्या रंगावर उन्हात जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. ते घालवायचे तर मशीनने रंगाचा वरचा अगदी पातळ थर घासून सपाट करावा लागतो. त्याला वेळ जातो आणि हात लागतो. दुसरा मार्ग म्हणजे ओरखड्यांत भरणारी क्रीम. अर्ध्या तासात गाडी आरशासारखी. चार-पाच वेळा धुतली की क्रीम निघून जाते आणि ओरखडे जिथे होते तिथेच. धंद्यात याला लपवाछपवी म्हणत नाहीत, 'फिनिशिंग' म्हणतात. शेठचं म्हणणं सरळ होतं. माझ्या दरात मशीनचं काम बसत नाही, तर क्रीम मारा.

दादाला ते आवडलं नाही. पण तो म्हणाला, "सगळे मारतात. घेणाऱ्यालाही माहीत असतं."

"माहीत असतं तर लिहून द्यायला काय हरकत आहे?"

"कुणाला लिहून देणार?"

आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर एकच असतं. त्या आठवड्यात मी नालासोपाऱ्याला जाऊन गुलाबी कागदावर पत्रकं छापून आणली. वर ठळक अक्षरांत होतं: 'बंधू-भगिनींनो, ही चमक किती दिवसांची?' खाली क्रीम म्हणजे काय, ती किती धुण्यांत जाते, रंग खरा आहे की नाही हे उन्हात बघून आणि सावलीत मोबाईलची बॅटरी तिरपी धरून कसं ओळखायचं. 'फसव्या चकाकीला बळी पडू नका' असंही एक वाक्य होतं. आणि शेवटी, पप्पांच्या शिस्तीप्रमाणे, पत्रक कुणी काढलं ते: आमच्या दुकानाचं नाव, गाळा नंबर, वालीव. बिननावाचं पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड, असं पप्पा म्हणतात. शेठच्या गाड्या क्रीम मारून परत जाऊ लागल्या, तेव्हा प्रत्येक गाडीच्या कप्प्यात मी एकेक पत्रक ठेवलं.

आता कुणालाही हे सांगितलं की ते विचारतात, अगं, स्वतःच्याच गिऱ्हाइकाच्या गाडीत? पण मला त्यात विसंगती दिसली नव्हती. पत्रक तिथेच वाटायचं असतं जिथे ते लागू आहे. पप्पांनी बोनसचं पत्रक स्वतःच्याच कारखान्याच्या दारात वाटलं होतं, समोरच्या नाही.

शेठ आला तेव्हा त्याच्या हातात गुलाबी कागदांची चळत होती. तो ओरडला नाही. त्याने एक कागद बोनेटवर ठेवून सपाट केला आणि वाचून दाखवला, 'बंधू-भगिनींनो'पासून. वाचायचा चांगला.

"मॅडम, मी तुमचा बंधू आहे की नाही?"

"आहात."

"मग बंधूच्या दुकानात येऊन बंधूची भांडी फोडता?"

"यात खोटं काय आहे ते सांगा."

"खोटं काही नाही. खोटं असतं तर मी तुम्हाला नोटीस पाठवली असती. खरं आहे म्हणून चालत आलोय." मग तो दादाकडे वळला. "भाऊ, तुझा हात चांगला आहे. पण बहिणीला कुलूप लाव, नाहीतर दुकानाला लागेल."

दादा मशीनची वायर गुंडाळत होता. "कुलूप लावायचं तर दुकानालाच लावीन," तो म्हणाला. "तिला लावलेलं टिकत नाही."

शेठ उभ्या असलेल्या दोन्ही गाड्या घेऊन गेला. एक अर्धी ओली होती.

पुन्हा रिकामे मंगळवार आले. मी दादाची माफी मागायला गेले तर त्याने मागू दिली नाही. "क्रीम मलाही मारायची नव्हती," तो म्हणाला. "मी नुसता गप्प बसलो असतो आणि मारत राहिलो असतो. तू बोलत राहिलीस. दोघांचा स्वभाव." एवढं बोलून तो पंपाचा पाइप वाळत घालायला गेला. पण रात्री जेवताना त्याने सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरचा फोन उचलला आणि या वेळी लवकर ठेवला नाही. कराराचे शेवटचे दोन महिने उरले होते.

पप्पांनी पत्रक वाचायला मागितलं. मला वाटलं, शाबासकी मिळणार. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि 'फसव्या चकाकीला बळी पडू नका' यावर काट मारली. मग 'ही चमक किती दिवसांची' यावर. "हे तू कुणासाठी लिहिलंस? गाडी घेणाऱ्यासाठी की शेठला टोचायला?" मी म्हणाले, दोघांसाठी. "मग दोन पत्रकं काढ," ते म्हणाले. उरलं तेवढं त्यांनी परत दिलं: कोणतं काम केलं, कोणतं नाही, ते किती टिकतं. सगळं मिळून पाच ओळी. त्या पाच ओळी मला फार आवडल्या असं नाही. पण त्यांत वाद घालायला जागा नव्हती.

मी शेठकडे गेले. एकटी, रिक्षाने. त्याच्या काचेच्या केबिनमध्ये बसले आणि पाच ओळी समोर ठेवल्या. प्रस्ताव हा होता: क्रीम आम्ही मारणार नाही. ओरखडे काढायचे असतील तर मशीनने काढू, त्याचा दर आत्ताच्यापेक्षा जास्त, पण घरच्या गाडीपेक्षा कमी. काढायचे नसतील तर नुसती धुऊन, आतून साफ करून, ओरखड्यांसकट देऊ, त्याचा दर आत्ताच्या निम्म्या दराहूनही कमी. आणि दोन्ही वेळा हा पाच ओळींचा कागद गाडीसोबत जाईल.

"निम्म्याहून कमी?" त्याने विचारलं. "तुम्ही भाव वाढवायला आलात की पाडायला?"

"जेवढं काम तेवढा भाव."

तो खुर्चीत मागे रेलला. मग त्याने मला एक गोष्ट सांगितली, ती मला अपेक्षित नव्हती. गुलाबी कागद त्याने सगळ्या गाड्यांतून काढले होते, एक सोडून. ती गाडी एका म्हाताऱ्याने लेकीसाठी घेतली. त्याला कागद कप्प्यात सापडला. त्याने गाडी उन्हात काढायला लावली, मग सावलीत मोबाईलची बॅटरी तिरपी धरली आणि तासभर प्रश्न विचारले.

"गणिताचे सर?" मी विचारलं.

"मला काय माहीत कसले सर. डोकं खाल्लं माझं. भाव पाडला. पण मॅडम, गाडी घेतली. आणि जाताना म्हणाला, ज्या दुकानात हा कागद मिळतो तिथेच गाडी घ्यावी. त्याला वाटलं मीच ठेवलाय."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"मी कशाला सांगू? मी काय पत्रकवाला आहे?"

त्याने पाच ओळी पुन्हा वाचल्या. स्वस्त गाड्या तो आमच्याकडे देणार नव्हता, हे त्याने स्पष्ट सांगितलं. त्या जिथे क्रीम मारून मिळते तिथेच जातील. पण चांगल्या गाड्या, ज्यांचा घेणारा प्रश्न विचारतो, त्या तो आम्हाला देईल आणि कागदासकट देईल. फक्त कागद गुलाबी नको. "आणि ते बंधू-भगिनी नको," तो म्हणाला. "गाडी घ्यायला आलेल्याला मोर्च्याला आल्यासारखं वाटतं."

म्हणजे आधी यायच्या त्याच्या साधारण निम्म्या गाड्या. मला अख्ख्या हव्या होत्या. स्वस्त गाडी घेणाऱ्याला तर हा कागद जास्त गरजेचा आहे, हे मी त्याला सांगितलं आणि तो "हो" म्हणाला. चहा मागवला आणि विषय बदलला. ते मला अजून टोचतं. त्यासाठी मी वेगळं पत्रक काढलं आहे, कुणाच्याही गाडीत न ठेवता वसईच्या आणि नालासोपाऱ्याच्या बाजारात वाटलं आहे, नावासकट, आणि पुन्हा काढणार आहे.

घरी येऊन दादाला सांगितलं. त्याने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. चांगल्या गाड्यांना मशीनचं काम, मशीनच्या कामाला बरा दर. मंगळवार पूर्ण भरणार नव्हता, पण सुकणारही नव्हता. आणि ते काम त्याला आवडत होतं. क्रीमचा डबा त्याने उचलून मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवला. टाकून दिला नाही, शेठचा होता, परत द्यायचा होता.

करार संपायच्या आठवड्यात गाळामालक आला. मिठागराकडच्या गावचा माणूस, लुंगीवर शर्ट, पायांत चिखलाच्या चपला. दादा एका काळ्या गाडीवर मशीन चालवत होता. सकाळपासूनचं तिसरं दार.

"बोल बाला," गाळामालक म्हणाला, "ठेवतो का सोडतो? दुसरं गिऱ्हाईक हाय माझ्याकडे. पन तू भाडं टायमावर देतोस म्हनून पयलं तुला विचारतो."

दादाने मशीन बंद केली. मी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हे उत्तर त्याचं होतं.

"ठेवतो," दादा म्हणाला. "पण मागच्या शेडचा पत्रा गळतो. तो आधी बदलायचा, आणि करारात तसं लिहायचं."

"लिवायचं?" गाळामालकाने माझ्याकडे बघितलं. "हिच्याकडून शिकला का हे?"

"घरातच आहे," दादा म्हणाला, आणि दाराचा उरलेला कोपरा पुसून बघण्यासाठी त्याने फडकं उचललं.